मे महिन्यात पाणी कुठून येतं, हे विचारून मगच बुकिंग करा

मार्च संपत आला की आमच्या भांडुपच्या सोसायटीत एकच विषय, यंदा सुट्टीत कुठे. लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, लेडीज डब्यात, सगळीकडे तेच. कोणी मालवण म्हणतं, कोणी महाबळेश्वर, कोणाचं मनाली ठरलेलं असतं, आणि हल्ली त्यात एक शब्द फार ऐकू येतो, इको-फ्रेंडली. म्हणजे बांबूची कॉटेजेस आहेत, प्लॅस्टिकचा स्ट्रॉ देत नाहीत, बाथरूममध्ये पाटी असते की टॉवेल परत वापरणार असाल तर हँगरला लावून ठेवा. चांगलंच आहे हे, मला त्याबद्दल वाईट बोलायचं नाहीये. पण माझ्या मते स्ट्रॉ कसला आहे ते नंतर बघू, आधी हे विचारायला हवं की मे महिन्यात त्या गावात पाणी आहे का, आणि आपण पाच जण तिथे उतरलो की ते कोणाच्या वाटणीचं कमी होणार आहे.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही मिस्टरांच्या ऑफिसातल्या दोन फॅमिलींसोबत रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राजवळच्या एका रिसॉर्टला गेलो होतो, नाव सांगत नाही कारण दोष त्यांचा एकट्याचा नाही. मेचा तिसरा आठवडा. आमराईतलं रिसॉर्ट, स्विमिंग पूल, जेवण उत्तम. मला गावाकडे गेलं की पहाटे जाग येते, लहानपणापासूनची सवय, तर दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी मागच्या पाखाडीने खाली उतरले. तिथे वाडीची विहीर. सात-आठ बायका, दोन शाळकरी मुली, हंडे-कळश्यांची रांग, आणि विहिरीत डोकावले तर तळाचा कातळ दिसत होता. एक पोरगा दोराला धरून आत उतरलेला आणि कातळाच्या फटीतून झिरपणारं पाणी वाटीने पोहऱ्यात भरत होता. वाटीने. एक पोहरा भरायला किती वेळ लागतो ते मी उभं राहून बघितलं, सात-आठ मिनिटं सहज. मग तो वर ओढायचा, फडक्यातून गाळून कळशीत ओतायचा, मग पुढचीचा नंबर. बायका रात्री दोनपासून आळीपाळीने बसलेल्या, कारण रात्रीचा झरा जरा साचतो. एक आजी होत्या, त्यांनी मला विचारलं, "मुंबैच्या ना तुमी? तुमच्याकडं येतं ना पानी?" अगदी मायेने विचारलं, त्यात टोमणा नव्हता. मी हो म्हटलं आणि मला पुढे काही बोलताच येईना.

वर आले तर पूलमध्ये पाइप सोडलेला. पातळी खाली गेली होती म्हणून भरत होते, बोअरवेलचं पाणी, आणि ती बोअर त्या विहिरीपासून फार तर शे-दीडशे मीटरवर. आठ वाजता मुलं पूलमध्ये उतरली, त्यात माझा मुलगाही होता, आणि मी काठावर बसून होते.

मुंबईतल्या माणसाला हे चटकन पटत नाही कारण आपल्या डोक्यात कोकण म्हणजे हिरवंगार आणि धो धो पाऊस. पाऊस पडतोच, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, मराठवाड्याच्या तीन-चार पट. पण तो पडतो जून ते सप्टेंबर, आणि सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, उतार खडा, नद्या आखूड, पाणी पडलं की धावत समुद्राला जातं. वर जमीन जांभ्याची, चाळणीसारखी, पाणी धरून ठेवत नाही. पऱ्ये-वहाळ जानेवारीपर्यंत कोरडे पडतात, विहिरी मार्चपासून खाली जायला लागतात आणि मे म्हणजे तळ. बरोब्बर त्याच महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं तिथे लोटतात. चाकरमान्यांबद्दल मी बोलतच नाहीये, ते त्यांचं घर आहे, त्यांनी यायलाच पाहिजे, आणि चाकरमानी स्वतः कळशी घेऊन विहिरीवर जातो, त्याला कोणी सांगावं लागत नाही की आंघोळ एका बादलीत उरकायची. मी बोलतेय ते आपण गिऱ्हाईक म्हणून जातो त्याबद्दल.

सरकारी आकडेच घ्या ना. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. शहरातल्या माणसाला १३५ लिटर. आणि हॉटेलचं प्लंबिंग, टाक्या वगैरे ठरवताना भारतीय मानकात एका खाटेमागे १८० लिटर धरतात, मोठ्या स्टारवाल्यांना त्याहून जास्त. आता हिशोब मांडा, वीस खोल्यांचं साधं रिसॉर्ट, सीझनला फुल, खोलीमागे अडीच माणसं धरली तर पन्नास जण, म्हणजे रोज नऊ हजार लिटर, पूल आणि लॉन वेगळं. नऊ हजारला ५५ ने भागलं तर एकशे साठच्या वर माणसं होतात. म्हणजे एक रिसॉर्ट एका अख्ख्या वाडीएवढं पाणी ओढतं, आणि तेसुद्धा अशा महिन्यात जेव्हा त्या वाडीला ५५ लिटर दिसतही नाहीत. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की ऐंशी-शंभर लिटर जातात. बादली घेतली तर वीस लिटरमध्ये आंघोळ होते, आणि घरी आपण बादलीच घेतो की. मग तिथे गेल्यावर का बदलतो? कारण आपण पैसे भरलेत.

ह्या "पैसे भरलेत" शी मला भांडायचंय खरं तर. पैशाने खोली मिळते, जेवण मिळतं, कोणीतरी आपली चादर बदलतं. पैशाने मे महिन्यात पाणी तयार होत नाही. ते फक्त एकाच्या विहिरीतून दुसऱ्याच्या टाकीत जातं, आणि टँकर मागवला तरी तो कुठल्यातरी तिसऱ्या गावातून भरून आलेला असतो. पाहुणा म्हणून कोणाच्या घरी गेलो आणि घरात पाणी कमी आहे हे दिसलं तर आपण आपसूक जपून वापरतो ना, कोणी पाटी लावावी लागत नाही. तेच आपण बिल भरलं की विसरतो.

मुंबईकराला तर हे जास्तच कळायला हवं. आपल्या शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येतं, सात तलावांतून, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. आमच्या घरापासून जवळच भांडुप कॉम्प्लेक्समध्ये त्यातलं बरंचसं शुद्ध होऊन शहरात जातं, त्यामुळे आम्हाला लहानपणापासून ते पाइप माहितीयेत. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या गाव-पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, धरण नजरेसमोर असताना. २०२४ साली तलाव इतके खाली गेले की महापालिकेने ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात केली, तेव्हा आमच्या ग्रुपवर केवढा गोंधळ झाला होता, दहा टक्क्यांवर. तर वर्षभर आपण दुसऱ्यांच्या डोंगरातलं पाणी पितो आणि सुट्टी लागली की आणखी दुसऱ्यांच्या विहिरीवर जाऊन बसतो, एवढं तरी मनात ठेवून बॅग भरावी असं मला वाटतं.

आता मला लगेच विचारतात, मग काय लोकांनी जाऊच नये का, घरात बसायचं का. माझा आत्येभाऊ संगमेश्वरला असतो, रिक्षा चालवतो, त्याची बायको पाहुण्यांना जेवण करून देते, तो मला स्पष्टच म्हणाला, "ताई, तुम्ही नाही आलात तर आम्ही खायचं काय? आंबा आणि मे महिना, यावरच आमचं वर्ष निघतं." आणि तो बरोबर आहे. मुंबईत एसीत बसून कोणी कोकणातल्या माणसाला सांगू नये की तुझा धंदा पर्यावरणाला घातक आहे. म्हणून माझं म्हणणं जाऊ नका असं नाहीच. माझं म्हणणं असं की पैसा ज्याच्या विहिरीचं पाणी पितो त्याच्या घरात गेला पाहिजे, आणि किती माणसं यायची, कधी यायची हे त्या गावाला ठरवता आलं पाहिजे.

हे होऊ शकतं, झालेलं आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पूर्वी ती अंडी चोरीला जायची, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे कासव महोत्सव उभा राहिला. माणसं गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, पडवीत किंवा माडीवर गाद्या टाकून झोपतात, घरात शिजलेलं जेवतात, पहाटे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर जातात, पिल्लं निघाली तर दिसली, नाही निघाली तर नाही दिसली, त्याबद्दल कोणी पैसे परत मागत नाही. मी मुलाला घेऊन गेले होते. ज्यांच्याकडे राहिलो त्या काकूंनी पहिल्याच दिवशी न्हाणीघरात नेऊन दाखवलं, ही बादली आंघोळीची, हा पिंप वापरायचा, पिण्याचं पाणी माठात. एवढंच. आणि आम्ही सगळ्यांनी ते पाळलं, माझ्या मुलाने तर सगळ्यात जास्त, कारण त्याला ते घर होतं, हॉटेल नव्हतं.

उलट काजव्यांचं बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस धरेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, त्या सगळ्या पट्ट्यात हिरड्या-बेहड्याची झाडं अक्षरशः लखलखतात. काजव्याचा उजेड म्हणजे त्याची जोडीदाराला दिलेली खूण असते, आणि त्याच काळोखात आपण शेकडो गाड्यांचे हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश घेऊन घुसतो, फोटोसाठी झाडाखाली जाऊन उभे राहतो, पायाखाली काय चिरडलं जातंय ते दिसतही नाही. घाटात शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. इतक्या नाजूक गोष्टीला इतकी गर्दी सोसत नाही. जायचंच तर मधल्या वारी जा, गावातच मुक्काम करा, गावातला माणूस घेऊन शेवटचा टप्पा चालत जा, दिवा न लावता. पाच-दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात आणि मग जे दिसतं ते कुठल्याही मोबाइलमध्ये येत नाही.

प्रवासाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तिथे आपल्या हातात बरंच आहे. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भांडुपहून मालवण धरा पाचशे किलोमीटर, जाऊन-येऊन हजार, तिथे फिरणं दीडशे, गाडी पंधराचा अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तर पाऊणशे लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे पावणेदोनशे किलो धूर एका सुट्टीचा. आणि हल्ली माणसं एकदा कुठे जातात, तीनदा जातात, लोणावळा एक वीकेंड, अलिबाग एक वीकेंड, मग महाबळेश्वर, प्रत्येक वेळी गाडी, प्रत्येक वेळी दोन रात्री, त्यातला निम्मा वेळ ट्रॅफिकमध्ये. ह्याच्याऐवजी एकदाच जा, आठ-दहा दिवस जा, एकाच ठिकाणी राहा. पूर्वी आपण गावाला महिनाभर जायचो तेव्हा प्रवास दोनच असायचे, जायचा आणि यायचा, बाकी सगळं पायी, फार तर एसटीने तालुक्याला. आठ दिवस एका घरात राहिलं की त्या घरातल्या बाईला रोज चादरी धुवाव्या लागत नाहीत, तिलाही सलग पैसे मिळतात आणि मुलांना करवंदीची जाळी कुठे आहे ते कळायला तेवढे दिवस लागतातच. आगोटीची कामं चाललेली असतात, कोकमं फोडणं, आंब्याची साठं वाळत घालणं, काजूच्या बिया भाजणं, त्यात मुलं इतकी रमतात की तिसऱ्या दिवसानंतर मोबाइल मागत नाहीत, हे मी घरच्या अनुभवावरून सांगते.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर आला. वीज बरीचशी कोळशाचीच आहे आपल्याकडे, ते मान्य, पण एका गाडीत हजार-दीड हजार माणसं बसतात, त्यामुळे माणशी वाटा अगदी थोडा येतो आणि गाडी आपण गेलो-नाही गेलो तरी जाणारच असते. माझी आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तिला गाडीत बारा-चौदा तास हायवेला बसवण्यापेक्षा दादरहून रात्री तुतारी एक्सप्रेसला बर्थ दिला तर ती सकाळी ताजी उतरते. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारापासून चाललंय, त्यासाठी दोन्ही बाजूंची जुनी मोठी झाडं गेली, ती सावली आता पुन्हा आपल्या आयुष्यात दिसायची नाही, आणि रस्ता मोठा झाला की गाड्या आणखी वाढणार.

पण लोकांना नुसतं सांगायचं, ट्रेनने जा, आणि ट्रेनमध्ये जागा नाही, हे बरोबर नाही. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते बदललं, आणि मेच्या तारखा सकाळी उघडल्या की बघता बघता वेटिंग दाखवतात. ह्याचं एक मुख्य कारण असं की रोहा ते वीर सोडलं तर कोकण रेल्वेचा जवळपास सगळा मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी आली की आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनात थांबून राहते, मग गाड्या वाढवणार कुठून. हायवेवर एवढे हजारो कोटी गेले, त्याच्या निम्मा जोर जरी दुपदरीकरणावर दिला असता तर आज ही इको-फ्रेंडलीची चर्चाच वेगळी झाली असती असं माझं ठाम मत आहे. तोपर्यंत निदान मेमध्ये बिनआरक्षित डब्यांच्या दिवसाच्या जादा गाड्या आणि प्रत्येक स्टेशनबाहेर गाडीच्या वेळेला लागलेली एसटी, एवढं तरी हवंच. स्टेशनपासून गावापर्यंतचे ते पंधरा-वीस किलोमीटर असतात ना, तिथेच माणूस विचार करतो की जाऊ दे, गाडीच काढू.

एसटीचं तर आपण नावच घेत नाही. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत आहे, आणि "आवडेल तेथे प्रवास" नावाचा चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास कितीतरी वर्षांपासून मिळतो. मी सोसायटीत विचारलं तर नव्या पिढीतल्या एकालाही हा पास माहीत नव्हता. ज्यांना खरोखर गाडीशिवाय जमत नाही, घरात आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, त्यांनी जरूर गाडी काढावी, पाचही सीट भरून, आणि तिथे पोहोचली की ती गाडी आठ दिवस झाडाखाली उभी राहू द्यावी.

विमानाने लांब जाणाऱ्यांबद्दल थोडंच बोलते. विमानाचं एक किलो इंधन जळलं की तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, हे एक. दुसरं म्हणजे थंड हवेच्या ठिकाणांचीही मेमध्ये तीच गत असते जी कोकणातल्या विहिरीची. २०१८ च्या मे-जूनमध्ये शिमल्यात पाणी इतकं संपलं होतं की तिथली माणसं सोशल मीडियावर हात जोडून सांगत होती, कृपा करून आत्ता येऊ नका. २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या आदेशाने उटी आणि कोडाईकनालला जायला मे महिन्यात ई-पास घ्यावा लागला. कोर्टाने सांगेपर्यंत थांबायचं का आपण?

माझ्या मते महाबळेश्वर-पाचगणीला, भंडारदऱ्याला, तारकर्लीला सीझनमध्ये गाड्यांवर अशी मर्यादा यावी. लोक म्हणतात धंदा बुडेल. माथेरान बघा की, आपल्याला दीड-दोन तासांवर. तिथे मोटारींना बंदी आहे, २००३ मध्ये केंद्र सरकारने ते इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केलं, गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि पुढे चालत, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून मिनीट्रेनच्या शटलने. नेरळहून येणारी ती छोटी गाडी तर १९०७ पासूनची आहे. आणि माथेरानला गर्दी कमी आहे का? तेच मुंबईकर, जे इथे दूध आणायला बाइक काढतात, तिथे लाल मातीतून आनंदाने दोन-तीन किलोमीटर चालतात, कारण दुसरा पर्याय ठेवलेलाच नाही. एक गोष्ट मात्र मला कायम खुपायची, माणसाने माणसाला ओढायच्या त्या हातरिक्षा. निसर्ग जपायचा म्हणून एखाद्याने धापा टाकत दुसऱ्याला चढावर ओढायचं, हे मला कधीच पटलं नाही, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये त्या सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं ते फार बरं झालं, फक्त ओढणाऱ्यांनाच त्या ई-रिक्षा मिळाव्यात.

आणि रिसॉर्टला परवानगी देताना मे महिन्याचं पाणी कुठून आणणार हे कागदावर विचारलं गेलं पाहिजे. कोकणात छपरावर एवढा पाऊस पडतो, हजार चौरस फुटांच्या कौलांवर वर्षाला दोन-अडीच लाख लिटर सहज, तो साठवायची टाकी आधी बांधा आणि मग खोल्या बांधा. ज्याला पूल हवा त्याने तो पावसाच्या पाण्यावर भरावा, आणि मेमध्ये गावाला टँकर लागला की पूल बंद, असा साधा नियम ग्रामपंचायतीला करता आला पाहिजे.

हे काही नवीन शहाणपण नाही. ह्या मेमध्ये पहिल्या आठवड्यात मी मुलांना घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला गेले होते. शंभराच्या वर लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदत आणलेली, आणि जवळपास प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी कातळात खोदलेली पाण्याची पोढी. वरून पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्यात उतरवलेलं. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि एका पोढीत वाकून बघितलं तर आत गार काळंशार पाणी. माझी धाकटी म्हणाली, आई, ह्यांनी आधी पाणी बघितलं आणि मग खोली केली. तिला मी काही शिकवलं नव्हतं. वर कातळावर गेलं की विहारचं पाणी दिसतं, १८६० साली बांधलेला तलाव, मुंबईला नळाने पहिलं पाणी तिथूनच आलं. एका दिवसात, लोकल आणि बसच्या तिकिटात, पोरांना एवढं बघायला मिळालं.

मेमध्ये मुंबईतच बघण्यासारखं फार आहे हे मला उशिरा कळलं. ठाणे खाडीत फ्लेमिंगो असतात मेपर्यंत, हजारोंनी, २०२२ मध्ये त्या खाडीला रामसर दर्जा मिळाला, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून भरती-ओहोटीची वेळ बघून बोट जाते. आमच्या भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर तर पहाटे कॅमेरेवाले येतात लांबून लांबून, आणि आम्ही तिथे राहणारे बॅगा भरून पाचशे किलोमीटर लांब निसर्ग बघायला निघतो. मे महिना इथे, किंवा ज्यांचं गाव आहे त्यांनी गावाला, आणि लांबची पर्यटनाची ट्रिप दिवाळीच्या सुट्टीत करावी असं मला आता पक्कं वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विहिरी भरलेल्या असतात, भात कापणी चालू असते, धंदाही मिळतो आणि पाण्यासाठी भांडण नसतं. शाळांनीही ह्याचा विचार करायला हरकत नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा आपल्यापेक्षा उशिरा सुरू होतात, म्हणजे वेळापत्रक हलवता येतं, ते देवाने लिहून दिलेलं नाही. उन्हाळ्याची आठवडाभर सुट्टी कमी करून दिवाळीला जोडली तर पर्यटनाचा भार आपोआप वाटला जाईल. मुंबईतल्या शाळेत मेमध्ये उकडतं हे मला माहितीये, म्हणून आठवडाच म्हणतेय.

यंदा फेब्रुवारीतच मी सिंधुदुर्गात चार ठिकाणी फोन केले होते, सगळ्यांना एकच प्रश्न, मे महिन्यात तुमच्याकडे पाणी कुठून येतं. एका ठिकाणी फोनवरचा मुलगा गोंधळला, म्हणाला मॅडम चोवीस तास गरम पाणी आहे. दुसऱ्याने सांगितलं टँकर येतो, काळजी करू नका. तिसऱ्याने फोन ठेवला. चौथीकडे एक बाई बोलल्या, घरगुती चार खोल्या आहेत त्यांच्या, नवरा आणि त्या मिळून चालवतात. त्या म्हणाल्या, "विहिरीचं. पण दहा मेनंतर नका येऊ, तेव्हा आमचंच भागत नाही, मी तेव्हा बुकिंग घेतच नाही. दिवाळीनंतर या, तेव्हा विहिरीत वरून हात घालून पाणी घेता येतं." मी त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या सहा रात्री लिहून ठेवायला सांगितल्यात. ट्रेनचं तिकीट साठ दिवस आधी उघडेल, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.